घंटाभराचा खेळ

रूपराव जिनातून घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या. वयामुळे नव्हे, चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. पण हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात फिटर म्हणून काम करणाऱ्याच्या अंगावरून दिवाळी ते होळी रुईची तूस काही उतरत नाही. रुख्मिणी, त्याची बायको, दारातच त्याच्या हाती ओलं फडकं द्यायची. तो आधी कान पुसायचा, मग भुवया, मग मान, आणि मग पायरीवर तसाच बसून राहायचा. दिवसभर चालणाऱ्या चोवीस यंत्रांचा आवाज डोक्यातून उतरायला वेळ लागतो. तोवर त्याच्याशी बोलून उपयोग नसे. बोललेलं त्याला ऐकूच येत नसे.

असा हा थकलेला, कमी बोलणारा माणूस, आणि त्याला वेड होतं टीव्हीवरच्या गेमचं. गल्लीतले लोक हसायचे. पोरांनी खेळायचा तो खेळ तीन मोठी माणसं दर रविवारी सतरंजीवर मांडी घालून खेळतात, त्यातल्या एकाच्या मुलाला मिशा फुटलेल्या, हे हसण्यासारखंच होतं.

गेम आला तो बंडूजीमुळे. बंडूजी बाजार ओळीतला शिंपी. शहाण्णव सालच्या दिवाळीआधी तो नागपूरला अस्तर आणि बटणं आणायला गेला आणि येताना सीताबर्डीवरून एक खोकं घेऊन आला. राखी रंगाचा डबा, दोन रिमोट, एक काळा जड अ‍ॅडाप्टर आणि पिवळी कॅसेट. घेतला होता धीरज आणि आचल या आपल्या पोरांसाठी. पण पोरांचा जीव चार महिन्यांत भरला आणि बापाचा अडकला. बंडूजीकडचा टीव्ही जुना, काळापांढरा. रूपरावाकडे रंगीत होता. म्हणून एका रविवारी डबा पिशवीत घालून तो रूपरावाच्या घरी आला, आणि तो डबा मग तिथेच राहिला.

तिसरा रामाजी. जिनाच्या फाटकावर चौकीदार होता तो. पण चौकीदार तो नंतर झाला. आधी तो यंत्रावरचा माणूस होता, रूपरावाच्याच पाळीत, आणि तो फाटकावर कसा गेला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जिनाच्या यंत्रात चामड्याचा रोलर असतो. तो फिरतो आणि लोखंडी सुरीला घासत घासत कापसातली सरकी बाजूला टाकतो. घासतो म्हणून तापतो. तापला की यंत्र थांबवायचं आणि रोलर थंड होऊ द्यायचा. नाही तर रुई पेटते. किती तापला हे सांगायला कुठला काटा नसतो. फिटर हाताची पाठ जवळ नेतो आणि सांगतो. रूपरावाचा हात त्यासाठी नावाजलेला होता. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रामाजीने नवव्या यंत्रावरून ओरडून विचारलं, "थांबवू का गा?" रूपरावाने रोलरजवळ हात नेला. तापला होता. त्याला कळलं होतं. पण रांग लांब होती आणि तो थकला होता, आणि थकलेल्या माणसाला थांबणंसुद्धा एक काम वाटतं. तो म्हणाला, "चालू दे अजून अर्धा घंटा."

तो अर्धा तास पुरा झालाच नाही. दहाव्या मिनिटाला धूर आला. रामाजीने धुमसणारी रुई उघड्या डाव्या हाताने ओढून बाहेर फेकली, म्हणून मागचा ढीग वाचला आणि माणसं वाचली. त्याचा तळहात मात्र गेला. चार बोटं आखडून एकमेकांना चिकटली. अंगठा तेवढा मोकळा राहिला, आणि यंत्रावरून त्याची फाटकावर बदली झाली.

रामाजीने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. रूपरावानेही नाही. दोघांच्या बोलण्यात ती एक जागा होती, तिथून दोघेही वळसा घालून जायचे.

रामाजी खेळायला बसला तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं होतं, याला जमणार नाही. पण गेमच्या रिमोटवर डाव्या हाताला फक्त अंगठ्याचंच काम असतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बोटं नुसती रिमोटला खालून टेकवायची. बिडीचं बंडल सोडायला ज्याला दातांची मदत लागायची, तो रामाजी तोफगाडी अशी चालवायचा की बंडूजी तोंडात पान तसंच ठेवून बघत राहायचा. त्या हाताला एवढंच एक काम उरलं होतं आणि ते त्याला फार सुंदर यायचं.

खेळ साधा होता. पडद्याच्या तळाशी विटांचा छोटा किल्ला. त्याच्या राखणीला दोन तोफगाड्या, एक पिवळी, एक हिरवी. वरून शत्रूच्या गाड्या उतरायच्या. सगळ्या फोडल्या की स्टेज पार. अशा चाळीस स्टेज आहेत, असं खोक्यावर छापलेलं होतं. खेळणारे दोघे, बसणारे तिघे. ज्याची गाडी फुटली त्याने रिमोट द्यायचा आणि भिंतीला टेकून बसायचं. भिंतीच्या माणसाने गप्प बसायचं असा करार होता. तो बंडूजीने एकदाही पाळला नाही.

"डावीकडून येऊन राह्यली, डावीकडून! अबे, डावा हात कोणता तुह्या?"

"तू शर्टाच्या बाह्या बराबर लाव आधी," रामाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा. "शाळेच्या मास्तरच्या शर्टाले दोन्ही बाह्या उजव्याच लावल्यात्या यानं."

"एकदा झालतं ते! वीस वर्षांत एकदा!"

"मास्तर तर रोजच घालते ना तो शर्ट."

रुख्मिणी चहा ठेवताना म्हणायची, "तीन घोडे झाले, पण चारा अजून पोट्ट्यायचाच पाह्यजे." आणि मग तीही दाराला टेकून दोन स्टेज पाहून जायची.

या खेळाला एक नियम होता आणि तो रूपरावाचा होता. अगदी पहिल्या रविवारी, तासभर खेळ झाल्यावर त्याने सवयीने अ‍ॅडाप्टरला हाताची पाठ लावली. अ‍ॅडाप्टर गरम होता. रूपरावाचा चेहरा उतरला. त्याने बटण बंद केलं. पंचवीस स्टेज पार झालेला खेळ विझला. त्या डब्यात केलेलं काही साठून राहत नसे. बंद केला की पुन्हा एकपासून.

"काऊन बे बंद केला?" बंडूजी ओरडला.

"तापला. घंटाभर चालवाचा, घंटाभर थंड होऊ द्याचा. मशीन हाय ते."

फिटरचा शब्द. शिंपी त्यावर काय बोलणार? बंडूजीने रामाजीकडे पाहिलं. रामाजीने हातातला रिमोट सतरंजीवर ठेवला, अगदी हळू, जसं झोपलेलं लेकरू ठेवावं, आणि म्हणाला, "फिटर म्हणते तर ठेव."

दुसऱ्या रविवारपासून टीव्हीवर रुख्मिणीचं गजराचं घड्याळ आलं. घंटी वाजली की हात थांबायचे. कधी कधी एकच गाडी फोडायची उरलेली असायची, तरी थांबायचे. मग तासभर तिघे पानठेल्यावर जाऊन यायचे, नाही तर वणा नदीच्या पुलावर उभं राहून पाणी पाहायचे. परत येऊन पुन्हा पहिली स्टेज. हात जसे सरावले तसं त्यांचं मरणं कमी झालं. घंटीच्या आत अठ्ठावीस स्टेज व्हायच्या, कधी तीस. एकदा एकतीस. पुढे कधीच नाही.

चाळिसाव्या स्टेजच्या पलीकडे काय आहे, हा मग तिघांच्या आयुष्यातला एक मोठा प्रश्न झाला. बंडूजीचं म्हणणं, राजा येतो आणि किल्ला सोन्याचा होतो. रूपराव म्हणायचा, "काई नाई होत. बंद होते." रामाजी काही म्हणायचा नाही. पण पुलावर उभा असला की मधूनच बोलायचा, "एक डाव पाह्यला पाह्यजे होतं." एवढंच. वर्षातून चार-पाच वेळा. आणि दर वेळी रूपराव पुलाच्या कठड्यावरची धूळ हाताने झाडत राहायचा.

अशी नऊ वर्षं गेली. जिनाचे नऊ हंगाम. रूपरावाच्या भुवया आता फडक्याने पुसूनही पांढऱ्याच राहू लागल्या. रात्री खोकला येई. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि बंडूजीच्या दुकानात फक्त शाळेचे गणवेश आणि फाटलेल्या चेनी उरल्या. धीरजला बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी लागली, तिथे त्याने दोन खोल्या घेतल्या, आणि दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत बंडूजीने दुकान बंद करायचं ठरवलं. बुटीबोरी काही लांब नाही. वाटेतल्या जाम गावावरून सरळ रस्ता. पण रविवारी दुपारी गेम खेळायला कोणी जाम ओलांडून येत नसतं, हे तिघांनाही माहीत होतं.

जाण्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारी आचल निरोप घेऊन आली. आता ती वर्ध्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. डबा थंड व्हायला ठेवलेला होता. बंडूजी आणि रामाजी पानठेल्यावर गेले होते. रूपरावाला त्या दिवशी खोकला होता म्हणून तो घरीच होता.

"काका, बाबाले सांगजा, सामानाचा टेम्पो पुढच्या सोमवारी ठरला," ती म्हणाली. मग तिला घड्याळ दिसलं. "हे काय? अजून थंड करता तुम्ही?"

"करावंच लागते ना बाई. तापते."

आचल हसली आणि डब्यापाशी बसली. तिने अ‍ॅडाप्टर उचलला. "हा तापते. याच्यात ट्रान्सफॉर्मर हाय, याचं कामच हाय तापाचं. दिवसभर चालवा, एवढाच राहीन. डबा कुठं तापते? डब्याले कधी हात लावला का तुम्ही?"

रूपरावाने आपल्या हाताच्या पाठीकडे पाहिलं.

"म्हंजे इतके वर्ष..." ती बोलता बोलता थांबली. समजूतदार पोरगी. "जाऊ द्या काका. मी बाबाले नाई सांगत."

बुधवारी रूपराव जिनातून आला, कान, भुवया, मान पुसली, आणि पायरीवर न बसता सरळ आत गेला. त्याने डबा जोडला, चालू केला. रिमोटला हात लावला नाही. एकट्याने खेळायचं नाही हेही ठरलेलंच होतं. पहिल्या स्टेजचं चित्र पडद्यावर उभं राहिलं आणि तो डब्यावर हाताची पाठ ठेवून बसला. रुख्मिणीने दोनदा जेवायला हाक मारली. तासभर गेला. दुसरा तास गेला. डबा कोमट होता. पोळ्यांच्या डब्याचं झाकण असतं तेवढासुद्धा नाही.

"काय शोधून राह्यले त्याच्यात?" रुख्मिणीने विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला. "हात चुकला माह्या."

जिनात ज्याच्या हाताच्या पाठीवर चोवीस यंत्रं चालायची, त्याचा हात एका खेळण्यापाशी नऊ वर्षं चुकत होता. आणि ज्या दिवशी चुकला नव्हता, त्या दिवशी त्याने हाताचं ऐकलं नव्हतं. त्या रात्री तो जेवला, पण काय जेवला हे त्याला सांगता आलं नसतं. त्याला दिसत होता तो रामाजी, पुलावर उभा. "एक डाव पाह्यला पाह्यजे होतं." एवढं साधं मागणं. आणि ते आपणच दर रविवारी, घंटी वाजताच, बटण दाबून विझवत आलो.

शेवटच्या रविवारी लाईट बाराला येऊन तीनला जाणार होती. बंडूजी पावणेबारालाच येऊन बसला. त्याने दोघांसाठी एकेक पायजमा शिवून आणला होता, उरलेल्या कापडाचा, दोन्ही एकाच निळ्या पट्ट्यांचे.

"आता घाला अन् दोघं कैद्यायसारखे बसा," तो म्हणाला.

"माह्या याचे दोन्ही पाय डावे तर नाई ना?" रामाजीने विचारलं.

"माप घेतलं मी! झोपेत घेतलं तुह्यं!"

हसणं झालं. पण ते लवकर संपलं. बाराला लाईट आली. बंडूजीने स्वतः घड्याळाला चावी दिली, एकचा गजर लावला, आणि खेळ सुरू झाला.

त्या दिवशी तिघेही चांगले खेळले. बंडूजी भिंतीला असताना चक्क गप्प बसला, आणि तीच गोष्ट जास्त जड वाटत होती. दहा स्टेज झाल्या. वीस झाल्या. रूपरावाचं लक्ष पडद्यावर कमी आणि घड्याळावर जास्त. आता बंद केला तर दोनपर्यंत थंड करायचा, मग पुन्हा एकपासून, तीनला लाईट जाणार, आणि उद्या टेम्पो. पुन्हा संधी नव्हती. चालू ठेवायला नुसतं तोंड उघडायचं होतं. पण जे शब्द उच्चारायचे होते ते त्याच्या तोंडून आधी एकदा निघून गेले होते, याच माणसासमोर, आणि त्यांचं काय झालं ते त्या माणसाच्या डाव्या हातावर रोज दिसत होतं. दुसरे शब्द त्याला सुचत नव्हते. कमी बोलणाऱ्याकडे शब्द मोजकेच असतात.

एकतिसावी स्टेज सुरू होती. रामाजी हिरव्या गाडीवर, रूपराव पिवळ्या. घंटी वाजली.

रामाजीने नेहमीप्रमाणे खेळ थांबवायचं बटण दाबलं आणि रिमोट हळूच सतरंजीवर ठेवला. बंडूजीने डोळे मिटले. घड्याळ वाजत राहिलं. रूपराव उठला, घड्याळापाशी गेला, घंटी बंद केली. त्याचा हात डब्याकडे गेला नाही.

"चालू दे अजून अर्धा घंटा," तो म्हणाला.

रामाजी त्याच्याकडे पाहत होता. बारा वर्षांत त्याने रूपरावाकडे असं पाहिलं नव्हतं.

"तापन ना," रामाजी म्हणाला.

"नाई तापत. मी हात लावून पाह्यला."

"तवाही लावलता."

"तवा तापला होता," रूपराव म्हणाला. त्याचा आवाज जिनात बोलल्यासारखा मोठा झाला. "मले मालूम होतं रामाजी. तवा तापला होता अन् मी चालू दे म्हटलं. अन् हा कधीच तापत नव्हता. आचलनं सांगतलं. नऊ वर्ष मी फुकट बंद करून राह्यलो."

बंडूजीचं तोंड उघडं राहिलं. "नऊ वर्ष बे?"

रामाजीने आपला डावा हात मांडीवर उलटा केला, सुलटा केला. "जठी थांबवाचं तठी थांबवलं नाई," तो सावकाश म्हणाला, "अन् जठी गरज नव्हती तठी थांबवत राह्यला." त्याच्या बोलण्यात राग होता. तो राग जुना होता, आणि इतकी वर्षं न बोलल्यामुळे आता त्यालाही दम लागला होता. मग त्याने रिमोट उचलला. "बस आता. लाईट जाईन."

ते बसले. एकतीस. बत्तीस. इथून पुढच्या स्टेज त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या आणि हातांना एका तासापुढची सवय नव्हती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौतिसाव्या स्टेजला रूपरावाची गाडी फुटली आणि बंडूजी बसला. सदतिसाव्याला बंडूजीची फुटली आणि तो न बोलता उठला. रामाजीची हिरवी गाडी मात्र फुटली नाही. त्याचा अंगठा जणू त्या सगळ्या थकव्याच्या बाहेर होता. रुख्मिणी दारात येऊन उभी राहिली आणि आत आलीच नाही. एकोणचाळीस. चाळीस. शेवटची गाडी किल्ल्याच्या विटांपर्यंत आली होती. रामाजीने ती तिथेच फोडली.

पडदा काळा झाला. चौघेही बघत होते. लहानशी धून वाजली, ओळखीचीच. मग विटांचा किल्ला आला, पिवळी गाडी आली, हिरवी गाडी आली, आणि वरच्या कोपऱ्यात आकडा आला, एक.

"हे तर पहिलंच," बंडूजी म्हणाला.

शत्रूची पहिली गाडी डाव्या कोपऱ्यातून उतरली, नऊ वर्षं उतरत होती तशीच, त्याच जागी, त्याच चालीने.

रामाजी हसायला लागला. आधी नाकातून, मग खोकत. "पाह्य बे," तो म्हणाला, "काईच नाई चुकलं आपलं. जे होतं ते पाहूनच राह्यलो होतो."

रूपरावाला हसू आलं नाही. त्याने डब्यावर हात ठेवला, कोमट होता, आणि काढून घेतला. त्याच्या अंगात एकदम सगळा हंगाम भरून आला होता. त्याला कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं. रामाजीने आपल्या आखडलेल्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थापटल्यासारखं केलं, एकदाच, आणि पडद्याकडे वळला. तीनपर्यंत ते तसेच खेळत राहिले. मग लाईट गेली.

सोमवारी टेम्पो गेला. बंडूजीने डबा नेला नाही. "तठी टीव्ही लहान हाय," तो म्हणाला. ते खोटं होतं. जाताना रामाजीला म्हणाला, "येजो रे कधी," आणि रामाजी "येतो ना" म्हणाला. तेही तितकंच खरं.

पुढच्या रविवारी रामाजी आला, निळ्या पट्ट्यांचा पायजमा घालून. रूपरावानेही तोच घातला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन रिमोट, दोन माणसं. गाडी फुटली तर रिमोट द्यायला कोणी नव्हतं. तीच गाडी पुन्हा चालवायची. भिंतीवर बंडूजीच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, त्यावर रुख्मिणीने चुना लावलेला नव्हता.

घड्याळाला चावी दिली नव्हती. ते स्वयंपाकघरात गेलं होतं. अठ्ठावीस स्टेज झाल्या, एकोणतीस झाली, आणि तिसावी अर्ध्यावर असताना रूपरावाने खेळ थांबवायचं बटण दाबलं आणि रिमोट सतरंजीवर ठेवला.

"काय झालं?" रामाजीने विचारलं. "तापला का?"

"डबा नाई," रूपराव म्हणाला. "मी."

रामाजीनेही आपला रिमोट ठेवला, हळू, शेजारी. पडद्यावर दोन्ही गाड्या उभ्याच होत्या. ते दोघे भिंतीला टेकून बसले, बंडूजीच्या जागेच्या दोन बाजूंना, आणि रुख्मिणी चहा आणेपर्यंत तसेच बसून राहिले.